आपत्काळ आणि रात्रपाळी



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, संगीत, इतिहास, अध्यात्म असे विषय शोभतात. दिवसभर उन्हाने तापलेला माणूस संध्याकाळी वाऱ्याला येऊन बसतो, तेव्हा त्याला चार चांगल्या गोष्टी ऐकाव्याशा वाटतात. अशा वेळी आम्ही आग, पूर आणि रुग्णालय असा विषय घेऊन उभे राहिलो, याबद्दल प्रथम क्षमा मागतो. चालकांनी विषय विचारला, तेव्हा कामगार चळवळीवर काहीतरी बोलावे असेच मनात होते. पण गेली वीस-बावीस वर्षे आमची ऊठबस रुग्णालयांत राबणाऱ्या माणसांत आहे. आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार, परिचारिका, रुग्णवाहिकेचे चालक ही ती माणसे. त्यांच्याकडून जे शिकलो ते आपल्यापुढे ठेवले नाही, तर आमची चळवळ सांगूनही काही उपयोग नाही, असे वाटले.

अध्यक्षांनी आमची ओळख करून देताना 'विचारवंत' असा शब्द वापरला. तो आम्ही येथेच साभार परत करतो. आमचे वडील मुंबईच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. संप लांबला, वडील गावी परतले आणि आमची शाळा सातवीला थांबली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले. कायद्याची जुनी पुस्तके, खातेचौकशांचे कागद आणि चहा पीत वाद घालणारी वडीलधारी माणसे हे आमचे गुरुजन. तेव्हा येथे जे बोलू, ते पाहिलेले आणि वाचून ताडून घेतलेले, एवढेच.

आता विषयाकडे वळू. आग घराला लागते, दुकानाला लागते, गंजीला लागते. तेथे माणूस पहिली गोष्ट करतो ती पळण्याची. रुग्णालयात ही पहिली गोष्टच करता येत नाही. एकाच्या पायाला वजन बांधलेले आहे. दुसरा शस्त्रक्रियेच्या गुंगीत आहे. तिसरा डायलिसिसच्या यंत्राला नळ्यांनी जोडलेला आहे. काचेच्या पेटीत दोन दिवसांचे मूल आहे. वृद्धाश्रमात एखाद्या आजोबांना आपली खोली कोणती, हे रोज नव्याने सांगावे लागते. या सर्वांच्या वाटचे पळणे दुसऱ्या कोणीतरी पळायचे असते. म्हणून रुग्णालयाच्या आपत्कालीन योजनेचा सारा प्रश्न एका वाक्यात येतो. त्या घडीला तेथे कोण असेल, आणि तो किती जणांना उचलू शकेल? बाकीचे सर्व या प्रश्नाच्या मागून येते.

याचे दाखले शोधायला लांब जावे लागत नाही. एका २०२१ या सालात आपल्या महाराष्ट्राने एवढे दाखले दिले आहेत, की ते आठवताना आवंढा येतो. ९ जानेवारीला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. कक्षात १७ बालके होती. ७ वाचली, १० गेली. २१ एप्रिलला नाशिकमध्ये महापालिकेच्या डॉक्टर झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, दाब उतरला, आणि २२ रुग्ण त्या एका दिवसात दगावले. दोनच दिवसांनी, २३ एप्रिलच्या पहाटे, विरारच्या एका खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून १३ जण गेले. पुढे हा आकडा वाढला. २२ जुलैला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. तेथील एका कोविड रुग्णालयाची वीज तुटली, आणि त्या पुराच्या वेढ्यात तेथील ८ रुग्णांचा अंत झाला. ६ नोव्हेंबरला, भाऊबीजेच्या दिवशी, अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्ण मरण पावले. ते शहर आता अहिल्यानगर झाले, पण त्या अकरा घरांत भाऊबीज पूर्वीसारखी होत असेल काय?

श्रोतेहो, हे पाच प्रसंग एकाच प्रकारचे नाहीत, हे आपण ध्यानात घ्यावे. तीन आगीचे आहेत, एक प्राणवायूचा, एक पाण्याचा आणि विजेचा. पण पाचही ठिकाणी मेलेली माणसे पलंगाला खिळलेली होती, यंत्रांवर जगत होती किंवा जेमतेम जन्मलेली होती. आणि पाचही ठिकाणी पहिल्या काही मिनिटांचा कारभार साहेबांच्या हाती नव्हता. तो कामावर हजर असलेल्या चार-दोन माणसांच्या हाती होता.

वेळेकडेही पाहावे. भंडारा रात्री, विरार पहाटे. कोलकात्याच्या एका मोठ्या खाजगी रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ रोजी आग लागली आणि नव्वदच्या आसपास माणसे गेली, तीही पहाटे. आपल्या भागाला ठाऊक असलेला कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी चार वाजायच्या आत झाला. नाशिक आणि नगर दिवसाढवळ्या घडले, त्यामुळे संकटे रात्रीच येतात असे आम्ही म्हणत नाही. पण आलेले संकट रात्री जास्त माणसे मारते, याचे कारण साधे आहे. रात्री रुग्ण तेवढेच असतात आणि माणसे मात्र बरीच कमी असतात.

कोलकात्याच्या त्या रुग्णालयाविषयी थोडे अधिक सांगणे जरूर आहे. आग तळघरात लागली. तेथे गाड्या उभ्या करायच्या, तर सामानसुमान साठवले होते. ज्वाळा वर फारशा गेल्याच नाहीत. गेला तो धूर. वातानुकूलनाच्या नळ्यांतून तो मजल्या-मजल्यावर पोचला. खिडक्या काचेने बंद केलेल्या, उघडायची सोय नाही. बहुतेक माणसे भाजून नव्हे, गुदमरून मेली. शेजारच्या झोपडपट्टीतल्या लोकांनी धूर पाहिला आणि ते धावत दाराशी आले. पहारेकऱ्यांनी त्यांना परत लावले. किरकोळ आग आहे, आम्ही पाहतो, असे सांगितले. पुढे तेच लोक भिंतीवरून चढले, काचा फोडल्या आणि त्यांनी माणसे बाहेर काढली. केरळहून पोटासाठी आलेल्या दोन तरुण परिचारिका आपल्या वॉर्डातल्या रुग्णांना बाहेर काढता काढता तेथेच संपल्या.

यातून आम्ही दोन गोष्टी शिकलो. पहिली, रुग्णालयात ज्वाळेपेक्षा धुराचे भय अधिक. दुसरी, संकट आले की शेजारी हा पहिला मदतनीस. त्याला दाराशी अडवणारी योजना कितीही जाड पुठ्ठ्यात बांधली, तरी ती रद्दी आहे.

आता आमच्या पाहण्यातला एक प्रसंग सांगतो. गावाचे आणि रुग्णालयाचे नाव सांगत नाही, कारण त्या एका रुग्णालयाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. दहा गावी असेच आहे. रात्रीचा एक वाजून गेलेला. बायकांच्या वॉर्डात बावीस रुग्ण, एक परिचारिका आणि एक आया. परिचारिका प्रसूतीच्या खोलीत अडकलेली. वॉर्डाशेजारच्या कोठीत कापूस, चादरी, जुन्या गाद्या भरलेल्या. तेथे तार जळाली आणि दाराखालून धूर येऊ लागला. पुढच्या दाराकडचा बोळ धुराने भरला. मागच्या दाराला लोखंडी जाळी, जाळीला कुलूप, आणि कुलपाची किल्ली मुकादमाच्या घरी. मुकादम चार मैलांवर झोपलेला. चोऱ्या होतात म्हणून कुलूप लावले होते, आणि खरोखरच चोऱ्या होत होत्या, हेही सांगितले पाहिजे.

त्या आयाने, आपल्या बोलीत मावशीने, काय करावे? तिने पहिल्याने कोठीचे दार घट्ट ओढून घेतले आणि फटीत ओल्या चादरी कोंबल्या. मग प्राणवायूच्या सिलिंडरचा पाना घेतला आणि कुलूप तोडले. ज्या बायका चालू शकत होत्या त्यांच्या हाती लेकरे दिली आणि त्यांना अंगणात पाठवले. ज्या चालू शकत नव्हत्या, त्यांना गादीवरून चादरीसकट खाली घेतले आणि चादरीची टोके धरून फरशीवरून ओढत नेले. नातेवाईक उठून मदतीला लागले. बावीसच्या बावीस रुग्ण बाहेर आले. मावशीचे तळहात भाजले, एवढेच.

आठ दिवसांनी मावशीला नोटीस आली. मालमत्तेचे नुकसान केले आणि वरिष्ठांच्या परवानगीवाचून रुग्ण हलवले, असे दोन आरोप. चौकशीत तिची बाजू मांडायला आम्ही गेलो. आदल्या दिवशी आम्ही तिला विचारले, "मावशी, हे चादरीनं ओढायचं तुम्हाला शिकवलं कुणी?"

ती म्हणाली, "शिकिवतंय कोण, दादा? सासू चार वरीस जाग्यावर हुती. एकटीनं उचलायची न्हाई, मग वाकळंवरनं वढायची. तसंच वढलं."

दुसऱ्या दिवशी चौकशीत साहेबांनी विचारले, की कुलूप तोडण्यापूर्वी फोन का केला नाही? ती म्हणाली, "साहेब, फोन धुराच्या पलीकडं हुता." त्यावर पुढे कोणी काही विचारले नाही. नोटीस मागे घेण्यात आली.

ही गोष्ट आम्ही युनियनच्या सभांतून पुष्कळदा सांगितली, आणि टाळ्याही घेतल्या. पण तिचा अर्धा भाग आम्ही सांगत नव्हतो, तो आज सांगतो. या प्रसंगाच्या आदल्या वर्षी त्याच रुग्णालयातल्या कामगारांचे मागणीपत्र आम्ही तयार केले होते. त्यात एक कलम असे होते, की रात्रपाळीला प्रत्येक वॉर्डात किमान दोन आया असाव्यात आणि सर्वांना आग विझवण्याचे शिक्षण द्यावे. वाटाघाटीत शेवटच्या तासाला समोरून सांगण्यात आले, की पगारवाढ हवी असेल तर हे कलम सोडा. आम्ही सोडले. सभासदांनाही पगारवाढच हवी होती, असे आम्ही मनाला समजावले. ते खरेही होते. पण त्या रात्री ती बाई एकटी होती, ती आमच्या सहीने एकटी होती. मालकाला दोष देणे हा आमचा धंदाच आहे. तो आम्ही रोज करतो. या ठिकाणी मात्र दोषाचा एक वाटा आमच्या पदरी आहे, आणि तेव्हापासून ते कलम आम्ही एकाही मागणीपत्रातून सोडलेले नाही.

आता वृद्धाश्रम, अपंगांची वसतिगृहे आणि मनोरुग्णांची निवासस्थाने यांच्याविषयी. आपल्या खानापूर-आटपाडी भागातली हजारो कुटुंबे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. सोने-चांदी गाळायला आपली मुले कोठल्या कोठल्या शहरांत जाऊन राहिली. कोणी गिरणीत गेले, कोणी पुण्याच्या कारखान्यांत. मागे राहिली ती म्हातारी माणसे. पूर्वी भाऊबंदकी सांभाळत असे. आता भाऊबंदही परगावी. तेव्हा वृद्धाश्रम ही शहरांतली गोष्ट राहिलेली नाही. तेथे आईबापांना ठेवणाऱ्याला नावे ठेवायलाही आम्ही आलेलो नाही. पण तेथे ठेवताना जेवण कसे, खोली कशी, महिन्याचे किती, हे सर्व विचारणारा मुलगा 'रात्री दाराला कुलूप असते काय, आणि किल्ली कोणाजवळ असते' हे विचारत नाही.

कुलपाने काय होते, ते तामिळनाडूतील एरवाडीने दाखवले. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तेथे मनोरुग्णांच्या एका झापाच्या निवासस्थानाला आग लागली. माणसे साखळीने बांधलेली होती. २८ जण गेले. ठेवणाऱ्यांनी ती दुष्टपणाने बांधली होती असे नाही. ती पळून जातील, हरवतील, म्हणून बांधली होती. कुलूप नेहमी काळजीच्या नावानेच लागते.

आणि हे आम्ही आटपाडीत बोलत आहोत. येथून जवळच स्वतंत्रपूर आहे. १९३९ साली औंध संस्थानाने मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेवरून तेथे कैद्यांची खुली वसाहत काढली. भिंत नाही, बेड्या नाहीत. आपल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला, हे येथल्या मुलालाही ठाऊक आहे. ज्या मातीत खुनाच्या कैद्यांना कुलपावाचून सांभाळता आले, त्या मातीतल्या म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना आपण जाळीच्या आत कुलपात का ठेवावे? चोरीचे भय असेल, तर आतून हाताने उघडणारी कडी आणि दाराशी जागा माणूस, हा उपाय आहे. माणसाला पगार द्यावा लागतो आणि कुलूप एकदाच विकत घ्यावे लागते, खरी अडचण ही आहे.

परदेशातही याहून वेगळे नाही. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात सप्टेंबर २०१७ मध्ये वादळ आले आणि एका वृद्ध-शुश्रूषागृहाच्या वातानुकूलनाची वीज गेली. तीन दिवस म्हातारी माणसे उकाड्यात पडून राहिली, आणि १२ जण गेले. रस्त्याच्या पलीकडे मोठे रुग्णालय चालू होते, तेथे वीज होती. रस्ता ओलांडून नेण्याचा निर्णय वेळेवर झाला नाही, एवढेच. या प्रसंगानंतर त्या राज्याने अशा प्रत्येक गृहाला जनरेटर सक्तीचा केला. आमच्या माणदेशात उन्हाळा काय असतो, हे तुम्हाला सांगायला नको. पत्र्याच्या छताखाली वीज गेली, तर वृद्धाश्रमात पंख्याचे बंद पडणे हीसुद्धा आपत्तीच असते.

तर मग करायचे काय? योजना म्हटली की अधिकारी शंभर पानांची वही दाखवतात. ती लिहिणाऱ्याविषयी आम्हाला आदर आहे. पण रात्री दीड वाजता वही कोणी उघडत नाही. योजना रात्रपाळीच्या हातात असावी लागते. आम्ही कामगारांबरोबर बसून जी चार-पाच कामे काढली, ती सांगतो.

पहिले काम, कोण कसा हलेल याची यादी. रोज संध्याकाळी पाळी बदलताना प्रत्येक रुग्णाच्या पलंगावर खूण करावी. चालणारा, धरून चालणारा, उचलूनच न्यावा लागणारा. तीन रंगांच्या चिंध्या बांधल्या तरी पुरे. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही ती खूण कळते.

दुसरे काम, कोठे न्यायचे ते ठरवणे. धूर आला की सर्वांना जिन्याने खाली न्यायची धांदल होते, आणि जिन्यातच माणसे सापडतात. जाणकार सांगतात, की आधी त्याच मजल्यावर, आडवे, पलीकडच्या विभागात न्यावे आणि मधले दार बंद करावे. एक बंद दार पुष्कळ मिनिटे मिळवून देते. मावशीने कोठीचे दार ओढून घेतले, ते याच शास्त्राला धरून होते. तिने शास्त्र वाचले नव्हते एवढेच. धुरात उभे राहू नये, वाकून, जमिनीलगत जावे. लिफ्ट वापरू नये.

तिसरे काम, उचलण्याचा सराव. मजबूत चादर, वाकळ किंवा घोंगडे, यावरून एक माणूस दुसऱ्याला सपाट फरशीवर ओढू शकतो, आणि दोघे मिळून जिन्यावरून उतरवू शकतात. घोंगड्याचा आणखी एक गुण आहे. लोकर सुतासारखी चटकन पेट घेत नाही. आपल्या धनगर बांधवांची ही वस्तू प्रत्येक वॉर्डात चार-सहा टांगलेली असावी, असे आमचे मत आहे. परदेशी सामान येईल तेव्हा येवो.

चौथे काम, प्राणवायूचा आणि विजेचा हिशेब. हा हिशेब कोणालाही करता येतो. मोठ्या जंबो सिलिंडरात सुमारे ७,००० लिटर वायू असतो. एका रुग्णाला मिनिटाला १० लिटर लागत असेल, तर तो ७०० मिनिटे पुरेल, म्हणजे साडेअकरा तासांहून थोडा अधिक. पण असे पाच रुग्ण एकाच सिलिंडरवर असतील, तर तोच २ तास २० मिनिटांत संपेल. आता सांगलीहून किंवा दुसरीकडून नवा सिलिंडर यायला किती वेळ लागतो? हे दोन आकडे भिंतीवर शेजारी-शेजारी लिहावेत. जनरेटरचेही तसेच. डिझेल किती तासांचे आहे, तो सुरू कोणाला करता येतो, आणि तो माणूस रात्री असतो काय? जनरेटर आहे पण चालवणारा दिवसपाळीला, असे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आणि आपल्या दुष्काळी भागात पाण्याचाही हिशेब त्यातच आला. टँकर चुकला तर टाकीत किती दिवसांचे पाणी आहे, आणि आग विझवायला त्यातले राखीव किती?

पाचवे काम, रस्त्याचा विचार. आपले गंभीर रुग्ण कोठे जातात? सांगली-मिरजेला. आपल्याला पुराचे भय नाही, आपण दुष्काळी, असे आपण समजतो. पण ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले होते. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ च्या जुलैत पुन्हा शहरात पाणी शिरले. ज्या दिवशी सांगलीचीच रुग्णालये पाण्याच्या वेढ्यात असतील, त्या दिवशी आटपाडीच्या अडलेल्या बाळंतिणीला कोठे न्यायचे? पंढरपूरला की सोलापूरला? तेथील डॉक्टरांशी बोलणे आधी झाले आहे काय? १०८ ला फोन करणे हा उपाय आहेच. पण चालकाला वाट आधी माहीत हवी. कृष्णेचा पूर असा आपल्या कोरड्या गावात येतो.

या सगळ्याचा सराव करावा, आणि तो दिवसा अकरा वाजता फोटोसाठी करू नये. वर्षातून दोनदा तरी रात्रपाळीत करावा. त्यात कंत्राटी सफाई कामगार असावा, पहारेकरी असावा, कँटीनचा पोरगा असावा, आणि शेजारच्या आळीतले दहा तरुण असावेत. कंत्राटी माणूस 'आमचा नाही' म्हणून त्याला शिक्षणातून वगळतात. पण आग लागली की ती हजेरीपट पाहून लागत नाही. आणि कंत्राटदार बदलला की माणसे बदलतात आणि शिकवलेले वाया जाते, म्हणून ही कामे कायम माणसांकडे असावीत, हा आमचा जुना आग्रह येथेही लागू पडतो.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे. आग विझवण्याची साधने चालू स्थितीत आहेत, असे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, दाखल करायचे असते. म्हणजे कायदा नाही असे नाही. पण ते प्रमाणपत्र साधनांचे आहे. लाल सिलिंडर भिंतीवर आहे, हे ते सांगते. तो कोणाला उघडता येतो, हे ते सांगत नाही. तो प्रश्न नागरिकांनी विचारायचा आहे.

आता शेवटचा आणि आम्हाला सर्वांत टोचणारा मुद्दा. संकटानंतर काय होते? भंडाऱ्याच्या आगीनंतर मोठ्या अधिकाऱ्यांवरही निलंबनाची, बदलीची कारवाई झाली, हे खरे. पण पुढे पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, तो दोन कंत्राटी परिचारिकांवर. नगरच्या आगीनंतर ज्यांना अटक झाली, त्यांत एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका होत्या. त्यांची चूक होती की नव्हती, हे न्यायालयाचे काम. ज्यांची लेकरे गेली, ज्यांचे आईबाप गेले, त्यांना जाब विचारण्याचा पुरा हक्क आहे, आणि युनियनने त्या हक्काच्या आड कधीही येऊ नये. पण जाब खालून वर जावा लागतो. रात्री त्या कक्षात किती माणसे ठेवली होती, ती संख्या कोणी ठरवली? वायरिंग कोणी तपासली? शिक्षण कोणी दिले, आणि दिले नसेल तर पैसा कोणी अडवला? हे प्रश्न विचारले नाहीत, तर एक परिचारिका तुरुंगात जाते आणि दुसरी तिच्या जागी त्याच वायरिंगखाली उभी राहते. आणि आणखी एक होते. ज्याला ठाऊक आहे की कुलूप तोडले तर नोटीस येईल आणि न तोडले तर गुन्हा, तो माणूस त्या घडीला क्षणभर थबकतो. धुरात तो क्षण फार महाग पडतो. म्हणून आमची एक मागणी आहे. प्रत्येक रुग्णालयाने आणि वृद्धाश्रमाने लेखी आदेश काढावा, की जीव वाचवण्यासाठी कामगाराने दार मोडले, रुग्ण हलवले, शेजाऱ्यांना आत घेतले, तर त्याच्यावर कारवाई होणार नाही. या आदेशाला एक कागद लागतो, पैसा लागत नाही.

आपण म्हणाल, हे सर्व डॉक्टरांनी आणि सरकारने करायचे, आम्ही काय करावे? आमची विनंती छोटी आहे. आपल्या प्रत्येकाचे कोणी ना कोणी रुग्णालयात जाते. ग्रामीण रुग्णालय असो की खाजगी, भेटीला जाल तेव्हा फळांची पिशवी खाली ठेवा आणि मागचे दार कोठे आहे ते पाहून या. त्याला कुलूप असेल, तर किल्ली कोणाकडे असे नम्रपणे विचारा. रात्री वॉर्डात किती माणसे असतात ते विचारा. आळीतल्या तरुण मंडळाने गणपतीच्या आधी एक रात्र रुग्णालयाच्या सरावाला द्यावी. मागच्या गल्लीत गाड्या उभ्या करून बंबाची आणि रुग्णवाहिकेची वाट अडवू नये. बंब कोठूनही निघो, तो येईपर्यंतची पहिली दहा मिनिटे आपली आहेत.

त्या मावशी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी रुग्णालयाने त्यांना शाल आणि नारळ दिला. आम्हीही गेलो होतो. परत निघताना त्यांनी आम्हाला मागच्या दाराशी नेले. जाळी तीच होती, कुलूप नवे होते. त्या म्हणाल्या, "दादा, पाना तिथंच खुंटीला ठिवलाय. नव्या पोरीला दावलाय." त्या रुग्णालयाची आपत्कालीन योजना आजही एवढीच आहे. त्या नव्या मुलीच्या हाती पान्याऐवजी उघडे दार, जोडीला दुसरे माणूस आणि मागे उभे राहणारे गाव असावे, यासाठी आम्ही आज आपला तासभर घेतला.